गौरी जेवल्या त्या दिवशी

मिसेस लुंड इस्त्री करत होत्या, एरिक सोफ्यावर आडवा पडला होता, आणि दिगंबर बोरसे शेंगा सोलून दाणे एकटाच खात होता. टीव्हीवर काचेचं एक मोठं भांडं दिसत होतं. त्यात निळ्या डब्या होत्या, तीनशे सहासष्ट, प्रत्येकीत वर्षातली एक तारीख. सुटाबुटातल्या एका माणसानं हात घालून पहिली डबी काढली, चिठ्ठी उलगडली.

"चौदा सप्टेंबर," टीव्ही म्हणाला. "क्रमांक एक."

मिसेस लुंडचा हात थांबला. एरिक टीव्हीकडे बघत राहिला आणि मग हसला.

"आई, मी आयुष्यात कधी काही जिंकलं नव्हतं," तो म्हणाला.

तेव्हा कुठे मला करपल्याचा वास आला. इस्त्री एरिकच्या निळ्या सदऱ्याच्या खिशावर टेकून राहिली होती. उचलली तेव्हा खाली तिचाच तांबूस ठसा उमटला होता, होडीसारखा.

ही एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या एक डिसेंबरची गोष्ट. गाव मिनेसोटातलं, नाव सांगण्यासारखं नाही. नद्या गोठतात आणि माणसं हवामानावर बोलतात, एवढं पुरे. मी तिथं संख्याशास्त्र शिकत होतो. दिगंबर माझ्या शेजारच्या खोलीत, तोही शिकतच होता. घर मिसेस लुंडचं. त्या घरात मी तीन वर्षं काढली. तेवढ्या काळात त्या माझ्यासमोर दोनदा हसल्या. एकदा गारा पडल्या तेव्हा, आणि एकदा मी त्यांच्या पायऱ्यांवरून घसरलो तेव्हा. बाई वाईट नव्हती. एखादी वस्तू जपून वापरावी तशी ती हसू वापरायची.

व्हिएतनामच्या लढाईला माणसं हवी होती आणि खुशीनं जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ही सोडत. ज्याची जन्मतारीख आधी निघेल तो आधी जाणार. अमेरिकेत कायम राहायचा परवाना घेतलेल्या परक्यांनाही त्यात नाव नोंदवावं लागे. दिगंबरनं तो परवाना घेतला होता. मी नव्हता घेतला. माझा आळस इतका कधीच माझ्या कामाला आलेला नाही.

दिगंबरची तारीख एक जून. ती निघेपर्यंत दाणे संपले. क्रमांक दोनशे एकोणपन्नास.

"सुटलास, डिग," एरिक म्हणाला. त्या घरात दिगंबरचा डिग झाला होता.

दिगंबरनं शेंगांची टरफलं गोळा केली. वर आल्यावर माझ्या दारात उभा राहिला. "पंचांगा," तो म्हणाला, "एक जून माझी तारीख नाही रे."

माझे वडील गावचे जोशी, म्हणून मी पंचांग. अंमळनेरजवळच्या खेड्यातल्या या पोरानं पहिल्या दिवशी मला हे नाव दिलं आणि मी ते मुकाट्यानं घेतलं. कारण मीही त्याच्याबद्दल एक यादी ठेवत होतो. दिगंबर दिवसातून सात वेळा देवाची शपथ घेतो आणि एकदाही देवळात जात नाही. दर बुधवारी दुपारी कोर्टासमोरच्या हिरवळीवर दहा-बारा माणसं लढाईविरुद्ध मुक्यानं उभी राहत, त्यांत तो हातात फलक धरून असतो, आणि फलक नेहमी उलटा धरलेला असतो. आणि खोटं बोलायची वेळ आली की त्याच्या उजव्या कानाची पाळी लाल होते. असा माणूस सांभाळावा लागतो.

"मग तारीख कुणाची?" मी विचारलं.

"मास्तरांची. शाळेत घालायला नेलं तेव्हा त्यांनी विचारलं, कधीचा पोरगा? आई म्हणाली, गौरी जेवल्या त्या दिवशीचा. मास्तरांनी लिहिलं एक जून. सगळ्या वर्गाचीच एक जून आहे."

"बरं झालं. मास्तरांना नारळ पाठव."

तो हसला नाही.

शनिवारी आम्ही तिघं गॅरेजमध्ये होतो. एरिक बर्फ ओढायच्या फावड्याला नवा दांडा बसवत होता. तो वीस वर्षांचा, कॉलेज सोडून लाकडाच्या वखारीत लागलेला. कॉलेज सोडलं नसतं तर पदवीपर्यंत सुटका होती; दिगंबरसारख्या पदवीच्या पुढचं शिकणाऱ्यांना तीही नव्हती. तो शिट्टी वाजवत काम करायचा, दरवेळी तीच चाल, आणि शेवटचा सूर नेहमी अर्धाच सोडायचा.

"कॅनडा इथून पाच तासांवर आहे," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. वखारीतली दोघं गेली." त्यानं दांडा ठोकला. "मला पळायचं नाही. मला भरतीवाल्यांच्या टेबलासमोर उभं राहून नाही म्हणायचंय. मग तुरुंग तर तुरुंग."

"मग म्हण."

"एकट्याला नाही जमायचं." हे तो इतक्या साधेपणानं म्हणाला की मला इकडेतिकडे बघावं लागलं. "मी मनात करून पाहिलंय. तिथं एकटा उभा राहिलो की हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. शेजारी कुणी असलं तर जमेल."

"मी येतो," दिगंबर म्हणाला.

"तुझा नंबर दोनशे एकोणपन्नास आहे, डिग. तू आलास तर ती मेहरबानी. मेहरबानी करणाऱ्याच्या शेजारी उभं राहिलं की माणूस जास्तच एकटा दिसतो."

दिगंबरनं मग त्याला मास्तरांची गोष्ट सांगितली. एरिकनं हातोडी खाली ठेवली.

"सगळ्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी? केक केवढा आणत होता?"

"आणतच नव्हतो. शाळेला सुट्टी असायची."

"आणि खरा कधी?"

"भाद्रपदात. म्हणजे ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर. आमच्याकडे गौरी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवतात त्या दिवशी मी झालो. इकडची जर्मनीची, जपानची लढाई संपली, ते साल."

"मग तारीख काढता येईल?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. पंचांग म्हणवून घेण्याचे तोटे असतात.

"ऐक," दिगंबर एरिकला म्हणाला. "हा तारीख काढेल. ती चौदा सप्टेंबर निघाली, तर मी कचेरीत जाऊन माझी तारीख दुरुस्त करून घेईन. मग तूही एक नंबर आणि मीही एक नंबर. दोघं जाऊ आणि दोघं नाही म्हणू. ही मेहरबानी नव्हे ना?"

"नाही," एरिक म्हणाला. "ही नव्हे." त्यानं हात पुढे केला, दिगंबरनं तो धरला. मी त्या दोघांच्या मध्ये फावडं घेऊन उभा होतो.

वर गेल्यावर मी दिगंबरला सगळं ऐकवलं. "तुला हाकलतील. त्याच्या आधी तुरुंगात घालतील, मग हाकलतील. गावाकडे तुझ्या आईला काय सांगू? एका लाकूडवाल्याला हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं, म्हणून?"

"तिसात एक शक्यता आहे म्हणून तूच सांगशील," तो म्हणाला. "घाबरतोस कशाला? तारीख काढ."

कान लाल नव्हता.

सोमवारी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. तळघरात खगोलाची जुनी कोष्टकं होती, एकोणीसशे पंचेचाळीसचं पुस्तक कुणी कधी उघडलंच नसावं, पानं एकमेकांना चिकटलेली. वडिलांनी लहानपणी घोकून घेतलं होतं: अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळावर जातात. श्रावणातली अमावास्या धरली, चंद्र रोज किती सरकतो ते मांडलं. अर्धा तास लागला. मग तो कागद खिशात घालून वर्तमानपत्रात आलेलं सोडतीचं कोष्टक पुन्हा एकदा पाहिलं आणि घरी आलो.

दोघं स्वयंपाकघरात बसले होते. त्या टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि प्रत्येकाची ठरलेली: खिडकीकडे पाठ करून एरिक, त्याच्या समोर दिगंबर, चुलीशी मिसेस लुंड, फ्रिजजवळ मी.

"बारा सप्टेंबर," मी म्हणालो. "क्रमांक दोनशे बेचाळीस."

दिगंबरनं श्वास सोडला. एरिकनं टेबलावर बोटांनी ती शिट्टीची चाल वाजवली, अर्धीच.

"दोन दिवसांनी चुकलास, डिग," तो म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर थाप मारून वखारीत गेला. पुढे त्यानं तो विषय काढला नाही.

जानेवारीच्या अखेरीला त्याला फौजेत नेणारी बस होती. कोर्टासमोरूनच सुटायची. हिरवळीवर बुधवारची मंडळी त्या दिवशी मुद्दाम आली होती, गुडघाभर बर्फात, फलक धरून. मिसेस लुंडनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या मते ती बिनकामाची माणसं होती. एरिकनं अंगातला जाड कोट काढला आणि दिगंबरच्या हातात दिला.

"तिथं कपडे देतात म्हणे. माझे सगळे वापर. तुझा कोट म्हणजे कोट नव्हेच, डिग, ती अफवा आहे."

आणि बसमध्ये चढताना त्यानं दोन्ही हात कोटाच्या खिशात घालायला नेले. कोट नव्हता. हात तसेच थोडा वेळ हवेत राहिले.

त्यानंतरचं मी जसं पाहिलं तसं सांगतो. मी मोजणारा माणूस आहे, जे मोजता येत नाही त्याला मी सहसा नाव देत नाही.

फेब्रुवारीत दिगंबर बर्फ ओढताना शिट्टी वाजवायला लागला. तीच चाल. ऐकून ऐकून पाठ झाली असेल. पण शेवटचा सूर तोही अर्धाच सोडायचा, आणि हे मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "कसली शिट्टी?" कान लाल नव्हता.

एप्रिलमध्ये माझ्या लक्षात आलं की जेवताना मिसेस लुंड मीठ मागतात आणि ते एरिकच्या पद्धतीनं, टेबलावरून घसरवत, त्यांच्यापर्यंत पोचतं. जूनमध्ये कोट उतरला आणि सदरे आले. इस्त्रीचा ठसा असलेला निळा सदरा त्यानं पहिल्यांदा घातला त्या दिवशी मिसेस लुंड मागच्या दारातून आत आल्या, पाठमोऱ्या दिगंबरकडे बघून थबकल्या आणि पुन्हा बाहेर गेल्या. काय आणायचं राहिलं होतं कोण जाणे, रिकाम्या हातांनी परत आल्या.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गणवेशातले दोघे जण दारात आले. तिकडे लढाईत एरिक गेला त्याला तीन दिवस झाले होते. मिसेस लुंडनी त्यांना कॉफी दिली. ते निघाल्यावर कप धुतले, पुसले, जागेवर ठेवले. मग खाली बसल्या आणि संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत.

बुधवारच्या मंडळींनी त्या उन्हाळ्यापासून एक नवीन पद्धत सुरू केली होती. आसपासच्या गावांतले जे मेले त्यांची नावं एक पाद्री वाचायचा आणि प्रत्येक नावाला रांगेतलं कुणीतरी उत्तर द्यायचं, शाळेतल्या हजेरीसारखं. कुणी द्यायचं हे ठरलेलं नसे. सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी मीही गेलो. परक्या माणसानं असल्या ठिकाणी दिसू नये म्हणून मी एरवी जात नसे; त्या दिवशी मागच्या बाजूला उभा राहिलो. रस्त्यापलीकडे वाण्याच्या दुकानासमोर मिसेस लुंड हातात पिशवी घेऊन उभ्या होत्या.

सतरा नावं झाली. मग पाद्री म्हणाला, "एरिक लुंड."

कुणीच बोललं नाही. ऊन होतं, झेंड्याची दोरी खांबावर आपटत होती.

"हजर," एरिक म्हणाला.

मी दिगंबरचं इंग्रजी तीन वर्षं ऐकत होतो. त्यात खानदेश पहिल्या अक्षरापासून ऐकू यायचा. हा तो आवाज नव्हता. नाकातून थोडा येणारा, शेवटी थोडा वर उचललेला, टेबलापलीकडून रोज ऐकलेला आवाज होता. रांगेतले दोघे मागे वळले. माझ्यासमोर निळा सदरा होता आणि त्याच्या आतला माणूस सरळ पुढे बघत होता. त्याच्या हातात फलक नव्हता. दोन्ही हात मांड्यांशी, उघडे, कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखे.

मिसेस लुंडनी पिशवी खाली ठेवली. रस्ता ओलांडून त्या आल्या आणि त्या बिनकामाच्या माणसांच्या रांगेत त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. पुढे अकरा वर्षं, लढाई संपल्यावरसुद्धा, त्या दर बुधवारी तिथं उभ्या राहत होत्या म्हणे.

चौदा तारखेला त्यांनी केक केला. खिडकीकडे पाठ असलेल्या खुर्चीसमोर ताट मांडलं आणि दिगंबरला म्हणाल्या, "आज तू इथं बसशील?"

आमच्याकडे श्राद्धाला जेवायला बोलावतात. गेलेल्याच्या नावानं एक जण पाटावर बसतो आणि तो जेवला की गेलेला जेवला असं धरतात. लहानपणी वडिलांबरोबर मी अशा शंभरेक पंगतींना गेलो असेन, कधी काही वाटलं नाही. दिगंबर उठला, टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीत बसला, आणि वीस मेणबत्त्यांवर फुंकर घातली. मी माझा केक ताटात तसाच ठेवला. का, ते त्या टेबलावर मला एकट्यालाच ठाऊक होतं. निदान तेव्हा तसं वाटलं.

त्या हिवाळ्यात मी ते घर सोडलं. पुढे पुण्याला परत आलो, नोकरी केली, संसार केला, लोकांच्या जन्ममृत्यूंची कोष्टकं केली. दिगंबर तिथंच राहिला, त्याच गावातल्या कॉलेजात शिकवायला लागला. लग्न केलं नाही. घरही बदललं नाही.

एकोणीसशे ब्याण्णवमध्ये कामासाठी अमेरिकेत जावं लागलं, तेव्हा वाकडी वाट करून मी तिथं गेलो. तारीख मुद्दाम निवडली होती. बावीस वर्षं एक गोष्ट पोटात धरून ठेवली होती आणि ती बाहेर काढायला तोच दिवस बरा वाटला.

दिगंबरचे केस पिकले होते. सदरा निळा होता, पण नवा. मिसेस लुंड पंच्याऐंशीच्या होत्या, कमरेत वाकलेल्या, डोळ्यांनी अधू. टेबल तेच. केक तोच. मेणबत्त्या वीस. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसानं त्या एका फुंकरीत विझवल्या आणि मिसेस लुंड हसल्या. माझ्या खात्यावर तिसरं हसू.

जेवण झाल्यावर आम्ही दोघं मागच्या पायऱ्यांवर येऊन बसलो. दुपार कलली होती. थंड वारं सुटलं होतं.

"दिगंबर," मी म्हणालो, "मला तुला एक सांगायचंय. तारखेचं."

"सांग."

"बारा नव्हती. मी हिशेब तीनदा केला होता. चंद्र ज्येष्ठा नक्षत्रात होता तो चौदाला. पहाटेपासून रात्रीपर्यंत. तेरा सांगावी म्हटलं तर तिचा नंबर एकशे पंचाहत्तर, पंधरा तर एकशे तेरा. दोन्ही धोक्याच्या. बारा सुरक्षित होती, म्हणून बारा सांगितली. तुला वाचवायचं होतं. त्याच्याबद्दल मी विचारच केला नाही. तो एकटा पडेल हे मला कळलं होतं, आणि तरी सांगितली."

दिगंबरनं पायरीवरचं एक पान उचललं, देठाशी धरून फिरवलं.

"मी गॅरेजमधून वर आलो त्याच दिवशी आईलाही पत्र टाकलं होतं," तो म्हणाला. "उगीच, पडताळ्याला. तिचं उत्तर आलं. तिला तारीख कुठली माहीत असणार? तिनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, गौरी जेवायला बसायच्या होत्या आणि सुईण घरी सापडेना, कारण गावचा बाजार होता, ती बाजारात गेली होती."

"मग?"

"आमचा बाजार शुक्रवारचा, पंचांगा. त्या साली बारा सप्टेंबरला बुधवार होता. शुक्रवार चौदाला. एवढा हिशेब मलाही येतो."

आत नळ वाहत होता, ताटं विसळली जात होती.

"पत्र कधी आलं?" मी विचारलं.

"त्याची बस सुटायच्या आधी अकरा दिवस."

मी त्याच्या कानाकडे बघितलं. सवयच ती. कानाची पाळी नेहमीच्या रंगाची होती.

"अकरा दिवस मी रोज ठरवायचो, आज सांगू," तो म्हणाला. "रोज वाटायचं, पंचांगानं बारा सांगितलीय, तो शिकलेला माणूस आहे, आई अडाणी. तू मला फार मोठा आधार दिलास. तुझं खोटं नसतं तर मला स्वतःचं शोधावं लागलं असतं."

बावीस वर्षं मी ते पाप माझ्या एकट्याच्या नावावर लावून ठेवलं होतं. आता त्यातला वाटा दुसऱ्याचा निघाला आणि माझा काही कमी झाला नाही.

"आई गेल्याला सहा वर्षं झाली," दिगंबर म्हणाला. "तोवर दर गौरीला ती माझा पाट मांडायची. रिकाम्या पाटाला ओवाळायची. इकडं ही ताट मांडते. दोन्हीकडची पानं मीच जेवलो. तो कुठे जेवला?"

मागचं दार किलकिलं झालं. मिसेस लुंड फटीतून आमच्याकडे बघत होत्या. उजेड आमच्या पाठीशी होता आणि त्यांना फक्त दोन माणसांच्या कडा दिसत असाव्यात.

"एरिक," त्या म्हणाल्या, "डिगला आत घेऊन ये. त्याच्या अंगात धड कोटसुद्धा नाही."

"आलो, आई," माझ्या शेजारून उत्तर गेलं. नाकातून थोडं, शेवटी थोडं वर उचललेलं. आणि ते देताना बघत होता माझ्याकडे, अंमळनेरजवळच्या खेड्यातल्या पोराच्या डोळ्यांनी, मी काही बोलेन का याची वाट पाहत.

मी उठलो. आत आलो. फ्रिजजवळची माझी खुर्ची होती तिथंच होती, जेवताना खाली काढलेला जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग तिच्यावर परत आला होता. तो खिडकीकडे पाठ करून बसला. त्याच्या समोरची, डिगची खुर्ची बावीस वर्षं कुणी वापरली नव्हती. मिसेस लुंडनी तिच्यापुढे कॉफीचा कप ठेवला आणि वाट बघत उभ्या राहिल्या.

मी तिच्यावर बसलो.